घासलेला नंबर

२६ फेब्रुवारी १९९३, शुक्रवारची दुपार. न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या वाहनतळावर प्रचंड स्फोट झाला. सहा माणसं गेली, हजाराहून अधिक जखमी झाली. काँक्रीटचे मजले एकावर एक कोसळले आणि खाली मोटारींचा नुसता चिवडा झाला. दोन दिवसांनी पोलिसांचं आणि तपास यंत्रणेचं पथक त्या खड्ड्यात उतरलं, तेव्हा लोखंडाच्या त्या ढिगाऱ्यातून पुरावा म्हणून नेमकं काय उचलायचं, हाच प्रश्न होता. त्यांच्यातल्या जाणकारांची नजर एका तुकड्यावर अडली. बाकीचं लोखंड चेपलेलं, वाकलेलं होतं. हा मात्र अगदी जवळून स्फोटाचा दणका खाऊन फाटलेला दिसत होता. तो पुसून पाहिला तर त्यावर कोरलेला एक नंबर निघाला.

त्या नंबरावरून कळलं की तुकडा फोर्ड कंपनीच्या एका व्हॅनचा आहे. व्हॅन रायडर नावाच्या, गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीची निघाली. नदीपलीकडच्या जर्सी सिटीतून ती कुणी नेली होती, तेही नोंदवहीत सापडलं. ज्यानं ती नेली होती त्यानं ‘गाडी चोरीला गेली’ अशी तक्रार आधीच केली होती आणि भरलेली ४०० डॉलरची अनामत तो परत मागत होता. ४ मार्चला तो पुन्हा पैसे मागायला आला आणि अलगद जाळ्यात सापडला. एवढा मोठा कट रचणाऱ्यांपैकी एकाचा जीव अनामत रकमेत अडकावा, हे कादंबरीत कुणी लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर ट्रकबॉम्ब फुटला. १६८ बळी. ट्रकचा मागचा आस उडून लांब उभ्या असलेल्या एका छोट्या मोटारीवर जाऊन आदळला होता. त्या आसावरच्या नंबरानं तपास कॅन्ससमधल्या जंक्शन सिटीतल्या गॅरेजपर्यंत नेला. ट्रक तिथूनच भाड्यानं घेतलेला होता. इथे आणखी एक गंमत आहे. मुख्य आरोपी टिमोथी मॅकव्हे याला स्फोटानंतर दीड तासाच्या आत महामार्गावर एका पोलिसानं वेगळ्याच कारणासाठी अडवलं होतं. त्याच्या मोटारीला मागची नंबरप्लेटच नव्हती! म्हणजे एका वाहनावर नंबर होता म्हणून आणि दुसऱ्यावर नव्हता म्हणून, असा हा माणूस दोन्हीकडून पकडीत आला.

खरं तर हे नंबर दहशतवादी पकडण्यासाठी घातलेले नव्हते. ते घातले होते मोटारचोरांसाठी. पण मोटारचोरही काही दुधखुळे नव्हते. नंबर कोरणारे आणि नंबर घासणारे यांच्यात शंभर वर्षं शर्यत चालू आहे, आणि गाड्यांच्या सुट्या भागांवरच्या खुणांना हात लावणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कायदे त्या शर्यतीतूनच निघाले.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गाडीची ओळख म्हणजे तिच्या इंजिनाचा नंबर. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मालकीची कागदपत्रं त्यावरच बेतलेली असत. अडचण उघड होती. इंजिन बदललं की गाडीचं नावच बदललं. राज्याची सीमा ओलांडली की पोलिसांचे हातही बांधलेले. म्हणून १९१९ मध्ये अमेरिकी संसदेनं चोरीची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. हा कायदा डायर ॲक्ट म्हणून ओळखला जातो. पण गाडी चोरीचीच आहे हे सिद्ध कशानं करायचं? १९५० च्या दशकात कंपन्यांनी अख्ख्या वाहनाला एक ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केली, तीही ज्याच्या त्याच्या पद्धतीनं. १९६९ पासून तो मोटारीच्या डॅशबोर्डवर, बाहेरून काचेतून वाचता येईल अशा जागी असणं सक्तीचं झालं. आणि १९८१ पासून सगळ्यांसाठी एकच साचा ठरला: सतरा खुणा, कमी नाही, जास्त नाही.

ही सतरा खुणांची कुंडली वाचायला मजेची आहे. पहिल्या तीन खुणा देश आणि कारखानदार सांगतात. भारतात बनणाऱ्या वाहनांची सुरुवात बहुधा एम या अक्षरानं होते. टाटा मोटर्सची गाडी एम-ए-टी, मारुतीची एम-ए-३, महिंद्राची एम-ए-१, तर आकुर्डीच्या बजाजची दुचाकी एम-डी-२. घराखाली लावलेल्या गाडीची आरसी काढून पाहा, ताळा पडेल. पुढच्या खुणा मॉडेल, इंजिन वगैरे सांगतात आणि शेवटचे आकडे म्हणजे त्या गाडीचा अनुक्रम. इंग्रजी वर्णमालेतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं या नंबरात कधीच नसतात. एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते म्हणून ती कायमची हद्दपार केली आहेत. गाडी कोणत्या वर्षाची, हे अमेरिकेत दहावी खूण सांगते. आपल्याकडे ही खूण कंपनीगणिक जागा बदलते, त्यामुळे यूट्यूबवर बघून कुणी ‘दहावं अक्षर बघा, वर्ष कळतं’ म्हणाला तर डोळे झाकून मान डोलावू नये.

सगळ्यात हुशार खूण नववी. ती काहीच सांगत नाही, फक्त राखण करते. बाकीच्या सोळा खुणांना ठरावीक किंमत दिलेली असते. प्रत्येक किमतीला जागेप्रमाणे ठरावीक आकड्यानं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, तिला अकरानं भागायचं. जी बाकी उरेल ती नवव्या जागी. बाकी दहा आली तर एक्स. चोराचा नेहमीचा हात म्हणजे ३ चा ८ करणं, १ चा ४ करणं. एवढा एक आकडा बदलला तरी हिशेब जुळत नाही आणि संगणक तिथल्या तिथे बोंब मारतो. उत्तर अमेरिकेत ही राखणदार खूण बंधनकारक आहे.

एवढा बंदोबस्त झाल्यावर चोरांनी वेगळी वाट काढली. अख्खी गाडी विकायची म्हटली की नंबर आडवा येतो. मग अख्खी विकायचीच कशाला? ती सोलायची. दार, बॉनेट, बंपर, गिअरबॉक्स यांना ना कागद ना नंबर. अपघातात दार चेपलेल्या माणसाला नवं दार महाग पडतं, जुनं स्वस्तात मिळालं तर तो कुठून आलं विचारत नाही. अमेरिकेत अशा अड्ड्यांना ‘चॉप शॉप’ म्हणतात. आपल्याकडे भाषा आणखी रोखठोक आहे: गाडी ‘कापली’.

या कापाकापीवर १९८४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेनं जो कायदा केला, तो या विषयातला मैलाचा दगड. ज्या मॉडेलांच्या चोऱ्या जास्त होतात, त्यांच्या मोठ्या भागांवरही गाडीचा ओळख क्रमांक घालायचा. इंजिन, गिअरबॉक्स, दारं, बॉनेट, बंपर, मडगार्ड, डिकीचं झाकण वगैरे. पण असे भाग चौदापेक्षा जास्त नकोत आणि गाडीमागे खर्च पंधरा डॉलरपेक्षा जास्त नको, अशी मर्यादाही कायद्यातच घातली. मोटार कंपन्यांनी खर्चाचं तुणतुणं वाजवू नये म्हणून ही सोय. १९८७ सालच्या मॉडेलांपासून अंमल सुरू झाला. दुरुस्तीसाठी वेगळे विकले जाणारे नवे भाग कुठल्याच गाडीचे नसतात, तेव्हा त्यांच्यावर कंपनीची मुद्रा आणि ‘आर’ हे अक्षर. म्हणजे एखाद्या गाडीच्या दारावर ‘आर’ दिसलं तर ते दार बदललेलं, पण दुकानातून आणलेलं. आणि दुसऱ्याच गाडीचा नंबर दिसला, तर दाल में कुछ काला.

नियम लिहिणाऱ्यांची खरी चलाखी लेबलात आहे. क्रमांक कोरण्याऐवजी चिकटवायची मुभा त्यांनी दिली, पण लेबल कसं असावं हे बारकाईनं सांगितलं. ते अखंड निघता कामा नये, फाटलं पाहिजे. आणि निघालंच तर त्या जागेवर गोंदाचा किंवा लेबलाचा माग उरला पाहिजे, तोही सहज लपवता येऊ नये. थोडक्यात, नंबर पुसला तर ‘इथे नंबर होता’ हे तरी त्या पत्र्यानं ओरडून सांगावं. चोरी कुणाची, कधीची, हे कळेल न कळेल. पण खाडाखोड झाली हे दिसलं की पोलिसाला पुढचा प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. चोरी सिद्ध करायला मालक सापडावा लागतो. खाडाखोड सिद्ध करायला पत्रा पुरतो. या कायद्याचं सगळं बळ या एका फरकात आहे, असं मला वाटतं.

शिक्षांची उतरंडही पाहण्यासारखी आहे. जाणूनबुजून ओळख क्रमांक काढणं, खोडणं, बदलणं याला पाच वर्षांपर्यंत कैद. खोडलेला नंबर आहे हे ठाऊक असून असा भाग विक्रीसाठी बाळगला, तर दहा वर्षांपर्यंत. आणि १९९२ मध्ये झालेल्या दुसऱ्या कायद्यानं कापण्याचा अड्डा चालवणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत. हातात ग्राइंडर धरणाऱ्यापेक्षा गल्ल्यावर बसणारा जास्त दोषी, हे गणित मनाला पटतं. प्रामाणिक माणसांसाठी दारंही उघडी ठेवली आहेत: दुरुस्तीसाठी नंबर काढणं भाग पडलं असेल, भंगारवाल्यानं राज्याच्या नियमाप्रमाणे गाडी मोडली असेल, आगीत किंवा टकरीत नंबर नष्ट झाला असेल, तर तो गुन्हेगार किंवा त्याचा माल जप्तीपात्र ठरत नाही.

नंबर बघायचा हक्क पोलिसाला किती, हा प्रश्नही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका चालकाला वेग जास्त आणि पुढची काच तडकलेली म्हणून अडवलं. चालक खाली उतरला. पोलिसानं ओळख क्रमांकासाठी आधी दाराच्या चौकटीवर पाहिलं, तिथे नव्हता. डॅशबोर्डवर कागद पडले होते, ते बाजूला सारायला त्यानं आत हात घातला, तर सीटखालून पिस्तुलाची मूठ डोकावताना दिसली. ही झडती बेकायदा, तेव्हा पिस्तूल पुराव्यात धरू नका, असा बचाव झाला आणि राज्याच्या न्यायालयानं तो मानलाही. १९८६ मध्ये ‘न्यूयॉर्क विरुद्ध क्लास’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, पाच विरुद्ध चार मतांनी. जो नंबर कायद्यानंच बाहेरून दिसेल असा ठेवायचा, त्यात खाजगी असं काही नाही. वर कागद टाकल्यानं तो खाजगी होत नाही. मतांची विभागणी पाहता, हा मामला दिसतो तितका सरळ नव्हता. एक हात काचेच्या आत गेला तर कुठवर जाईल, ही चार न्यायमूर्तींची धास्ती आजही खोटी वाटत नाही.

कायदा आंधळेपणानं राबवला की काय होतं, त्याचा नमुना कॅन्सस राज्यात घडला. एका शौकिनानं २०१६ मध्ये इंडियाना राज्यातल्या विक्रेत्याकडून १९५९ ची शेव्हरोले कॉर्व्हेट घेतली. लाल रंगाची, नव्यासारखी सजवलेली. पुढच्या वर्षी नोंदणीसाठी तपासणीला नेली, तर महामार्ग पोलिसांनी जप्तच केली. कारण नंबराची पट्टी मूळ जागेवरून काढून परत बसवलेली होती. तसं घडणं साहजिकच होतं; जुनी गाडी घासून रंगवायची तर पट्टी काढावीच लागते. गाडी चोरीची असल्याचा आरोप या मालकावर कुणी केला नव्हता. तरीही राज्याचा तेव्हाचा कायदा सांगत होता की अशी गाडी म्हणजे बेकायदा माल, आणि ती चिरडून टाकायची. बिचारा मालक वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला. अखेर २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलला, दुरुस्ती किंवा जीर्णोद्धारासाठी पट्टी काढून लावलेल्या गाड्यांना सूट दिली, आणि पुढच्या वर्षी कॉर्व्हेट घरी आली. केंद्रीय कायद्यात जी फट १९८४ मध्येच शहाणपणानं ठेवली होती, ती या राज्याच्या कायद्यात नव्हती, एवढंच.

आता शर्यतीच्या दुसऱ्या बाजूकडे. कानशीनं किंवा ग्राइंडरनं नंबर घासला, वर गुळगुळीत पत्रा उरला, की तो गेला असं चोर समजतो. लोखंडाला मात्र ते मान्य नसतं. वहीत जोर देऊन लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर ठसा उमटतो. वरचं पान फाडलं तरी पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरं परत येतात, हा गुप्तहेरकथांतला खेळ लहानपणी सगळ्यांनी खेळलेला आहे. धातूतही जवळपास तसंच होतं. पंच मारताना आकड्याखालचे धातूचे कण दबतात, त्यांची मूळ रचना विस्कटते, आणि हा ताण दिसणाऱ्या खाचेपेक्षा बराच खोलवर पोहोचतो. खाच घासली तरी ताणलेला थर खाली शिल्लक असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग आधी आरशासारखा चकचकीत करतात आणि मग त्यावर रसायन फिरवतात. पोलादासाठी तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. ताणलेला धातू न ताणलेल्या धातूपेक्षा वेगळ्या गतीनं विरघळतो आणि गेलेले आकडे हळूहळू, कधी तासाभरानं, वर येऊ लागतात. ते टिकत नाहीत, म्हणून शेजारी कॅमेरा तयार ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठी रसायन वेगळं, प्रकृतीही वेगळी.

चोरालाही हे कळलेलं आहे. म्हणून पक्का गडी नुसतं घासत नाही. तो खोल खोदतो, वेल्डिंगनं भरतो आणि वर नवा पंच मारतो; वेल्डिंगच्या उष्णतेनं खालचा ताणच निघून जातो. किंवा नंबराचा अख्खा चौकोन कापून त्याजागी दुसऱ्या गाडीचा चौकोन जोडतो. लेझरनं कोरलेल्या नंबरांचं दुखणं आणखी वेगळं. लेझर धातू दाबत नाही, जाळतो. मग खाली ताणाचा माग कमी उरतो. नंबर घालण्याची पद्धत जितकी आधुनिक, तितका तो परत मिळवणं अवघड, असा उलटा न्याय इथे आहे.

घासलेल्या नंबराचं ओझं न्यायालयात किती असतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. घटनास्थळी सापडलेल्या एलएमएल फ्रीडम मोटरसायकलची नंबरप्लेट खोटी होती आणि चेसिस नंबर घासलेला होता. गाडी कुणाची, यावर खटल्याचा मोठा भाग उभा होता. ३१ जुलै २०२५ ला मुंबईतल्या विशेष न्यायालयानं सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकालाची कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की चेसिस नंबरातला अनुक्रम तज्ज्ञांना पूर्णपणे परत मिळवता आला नाही, त्यामुळे गाडीची मालकी सिद्ध झाली नाही. सतरा वर्षांचं प्रकरण आणि न उमटलेले काही आकडे.

उलट उदाहरण पुलवामाचं. १४ फेब्रुवारी २०१९ च्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. स्फोटात गाडीच्या चिंध्या झाल्या होत्या, पण तुकड्यांवरून राष्ट्रीय तपास यंत्रणेनं चेसिस आणि इंजिन नंबर जुळवले. ती मारुती ईको २०११ मध्ये अनंतनागमध्ये पहिल्यांदा विकली गेली होती आणि सात हातांतून फिरून कटातल्या एका माणसापर्यंत आली होती. इथे नंबर स्फोटातूनही हाती लागला.

आपला कायदा याबाबतीत काय म्हणतो? तो म्हणतो बरंच, पण विखुरलेलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२२ वा नियम चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना वाहनावर उठवणं बंधनकारक करतो. विजेवरच्या गाडीत इंजिनाऐवजी मोटरचा नंबर. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात आणखी एक दात आहे: गाडीवरचा नंबर आणि नोंदणीपत्रातला नंबर वेगळा निघाला, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन आरटीओनं नोंदणी रद्दच करायची. पण नंबर घासणाऱ्याला शिक्षा द्यायची तर फौजदारी कायद्याकडे वळावं लागतं. तिथे चोरी आहे, चोरीचा माल बाळगणं आहे, बनावट कागदपत्रं आहेत, आणि ‘मालमत्ता चिन्ह’ नावाची एक जुनी संकल्पना आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतून ती २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ३४५ ते ३४७ या कलमांत आली. कुणाचं नुकसान व्हावं म्हणून असं चिन्ह काढलं, पुसलं किंवा त्यात भर घातली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ही भाषा लिहिली गेली तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. अमेरिकेत पाच, दहा, पंधरा. आपल्याकडे खुद्द खाडाखोडीला एक. पोलीस म्हणूनच सगळा भर चोरी आणि बनावट कागदांच्या कलमांवर देतात.

दुसरी उणीव जास्त मोठी आहे. आपल्याकडे नंबर इंजिन आणि चेसिस या दोनच ठिकाणी मागितलेला आहे. दाराला, बॉनेटला, मडगार्डला नाव नाही. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार वर्षानुवर्षं याच निनावीपणावर फुलला. चोरीच्या गाड्या तिथे येत, कापल्या जात आणि त्यांचे सुटे भाग दूरदूर जात. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद केला. बाजार बंद करणं हा एक उपाय झाला, पण दाराला नंबर नसेल तर सोतीगंज उद्या दुसऱ्या गावात भरेल.

दुसरा धंदा अपघातातल्या गाड्यांचा. विमा कंपनीनं ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी कवडीमोलानं घ्यायची. खरा माल तो चुराडा नसतोच, खरा माल म्हणजे तिची आरसी आणि चेसिसवरचा नंबर. मग तसल्याच मॉडेलची, तसल्याच रंगाची गाडी चोरायची आणि तिला मेलेल्या गाडीचं नाव द्यायचं. कागद अस्सल, नंबर अस्सल, गाडी चोरीची. हे बंद व्हावं म्हणून २०२१ च्या वाहन भंगार नियमांत अधिकृत केंद्रानं चेसिस नंबराचा तुकडा कापून जपून ठेवायचा, अशी तरतूद आहे. गाडी मेली की तिचं नावही तिच्याबरोबर गेलं पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार. २०१९ मध्ये केंद्रानं आणखी एक मसुदा काढला होता: वाहनावर आणि सुट्या भागांवर मायक्रोडॉट फवारायचे. वाळूच्या कणासारखे हे बारीक ठिपके हजारोंनी फवारले जातात, प्रत्येकावर त्या गाडीची ओळख असते आणि ते भिंगातून वाचता येतात. चोर सगळे खरवडून काढू म्हणाला तर गाडीच खरवडावी लागेल. दक्षिण आफ्रिकेत नव्या वाहनांना ही सक्ती काही वर्षांपासून आहे.

सगळे चोरच असतात असंही नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या रिक्षेचा चेसिस नंबर कुणी न घासताही गंजून दिसेनासा होतो. पासिंगच्या दिवशी आरटीओच्या आवारात पेन्सिल आणि कागदाची पट्टी घेऊन कुणी ना कुणी गाडीखाली आडवा झालेला असतो. नंबरावर कागद धरायचा, पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा. तो ठसा नीट उमटला नाही की मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. अशा वेळी वेल्डिंगच्या दुकानातून परस्पर पंच मारून घेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग. हेतू चांगला असला तरी त्या क्षणापासून गाडी कागदावर संशयित ठरते. आरटीओकडे लेखी अर्ज करावा, कारण सांगावं आणि परवानगीनंच नंबर पुन्हा उठवून घ्यावा.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सांगणं. रंग, टायर, ॲव्हरेज हे सगळं बघून झालं की एक चिंधी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका. दुचाकीचा चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मुळाशी असतो. मोटारीचा बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटजवळ. तेल-माती पुसा. अक्षरं एका रांगेत, एका उंचीची आहेत का? भोवतीचा रंग बाकी पत्र्यापेक्षा नवा दिसतो का? चौकोनाच्या कडेनं वेल्डिंगची शिवण लागते का? नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा, मग परिवहन खात्याच्या ॲपवर पुन्हा पडताळा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या दहा मिनिटांत विकणारा ‘साहेब, लवकर करा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणू लागला, तर टोकन देऊ नका. दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी खुशाल नेऊ द्या.